सातव्या थरावरचं दार

भुयाररावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी जमिनीपासून चार बोटं वर उडालो होतो. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर पाणीपुरवठा कार्यालयाच्या शिपायाला विचारा. तो तेव्हा दाराशी उभा होता आणि खाली आल्यावर मला त्यानेच धरलं.

त्याचं असं झालं, की आमच्या न्हाणीघराची फरशी तीन आठवडे आपोआप ओली होत होती. नळदुरुस्तीवाला आला, फरशीला कान लावून बसला आणि म्हणाला, "खाली काय आहे ते कळल्याशिवाय मी छिन्नी लावणार नाही. कार्यालयातून नकाशा आणा." म्हणून मी त्या कार्यालयाच्या तळघरात उतरलो. समोर जहाजाएवढं टेबल. त्यावर कागदांचे डोंगर. आणि त्या डोंगरांच्या पलीकडे, सूर्य उगवताना जेवढा दिसतो तेवढं एक टक्कल.

मी टकलाला माझा पत्ता सांगितला. टक्कल हललं नाही.

"न्हाणीघराच्या आतल्या कोपऱ्यापासून सव्वा हात," टक्कल म्हणालं. "साडेतीन फूट खाली. बिडाची चार इंची नळी. तिला एक चोरटी जोडणी आहे. तुमच्या आधीच्या मालकाच्या सासऱ्यांनी केलेली. गळते आहे ती तीच."

मी उडालो तो इथे. माझ्या कपाटात काय आहे हे मला माहीत नसतं, माझ्या खिशात काय आहे ते माझ्या बायकोला विचारावं लागतं, आणि या गृहस्थांना माझ्या न्हाणीघराखालची सासऱ्यांची लबाडी तोंडपाठ! पुढची दहा मिनिटं मी चवड्यांवर चालत होतो. या माणसादेखत जमिनीवर पूर्ण पाऊल टेकवणं मला उद्धटपणाचं वाटायला लागलं होतं.

"तुम्हाला हे सगळं पाठ आहे?" मी विचारलं.

"पाठ कशाला करायचं? मी तिथून गेलोय."

"जमिनीखालून?"

"कागदावरून," ते म्हणाले, आणि डोंगराआडून पहिल्यांदा वर आले. गोल चेहरा, कानामागे तीन पेन्सिली आणि डोळ्यांत, खरं सांगतो, भुयारातून नुकतंच बाहेर आल्यासारखी चमक. त्याच क्षणी मी त्यांचं नाव भुयारराव ठेवलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यानंतर मला कधी लागलंच नाही.

त्यांनी नकाशा पसरला. माझ्या स्वयंपाकघराभोवती निळ्या पेन्सिलीचं एक वाकडंतिकडं कडं होतं.

"अरे बापरे! इथे विहीर आहे?"

भुयाररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या टेबलावर चढून नाचलो असतो तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता.

"निळी रेघ म्हणजे विहीर? निळी रेघ म्हणजे खराब भाग! कागदावर शाई सांडली, पाणी पडलं, उंदराने कुरतडलं, तर खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. भोवती निळी रेघ मारायची आणि तेवढाच भाग वेगळ्या चिठ्ठीवर पुन्हा काढायचा. त्या चिठ्ठीला पुरवणी म्हणतात."

"अहो, पण पाण्याचं खातं ना तुमचं? मग पाणी कुठल्या रंगाने दाखवता?"

"काळ्या. पाणी नळीत असतं. दिसतं का ते?"

मी म्हटलं, "मग माझ्या स्वयंपाकघराची पुरवणी कुठे आहे?"

"आहे की."

"मग द्या."

"आता मागितलीत, आता देतो. मागितल्याशिवाय पुरवणी द्यायची नाही. नियम आहे."

घरी येऊन नळवाल्याने सव्वा हात मोजून छिन्नी मारली आणि सासऱ्यांची जोडणी जशीच्या तशी वर आली. नळवाल्याने त्या खड्ड्याला हात जोडले. मी दुसऱ्याच दिवशी भुयाररावांना भेटायला परत गेलो, आणि मग जातच राहिलो.

दिवसभर जमिनीखाली राहणारा हा माणूस घरी गेल्यावर तरी उन्हात बसत असेल, असा माझा समज होता. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा तोही कोसळला. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि आतल्या खोलीतल्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी. पेटीत चौकटीच्या कागदाचे चारशे बारा ताव. प्रत्येकावर भुयारं, जिने, तळघरं, फसवे दरवाजे. मी म्हटलं, "हे कुठल्या गावचे नळ?"

"नळ नाहीत हो भावजी," वहिनी दारातून म्हणाल्या. "हे यांचं दुसरं घर."

वहिनी वाहन चालवायला शिकवतात. आयुष्याची वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढल्यामुळे कशाचाही धक्का बसला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो. ब्रेक नसला तर जमिनीवर. मी पेटीत डोकं घातलेलं पाहून तो दोनदा गेला.

तीसेक वर्षांपूर्वी संगणकावर एक खेळ आला होता. नुसता पळायचा आणि गोळ्या झाडायचा नव्हे. त्यात आपण चार माणसं व्हायचं: एक तलवारवाली, एक मांत्रिक, एक वैदीण, एक कुलूपतोड्या. त्या चौघांना घेऊन जमिनीखालच्या एका बुडालेल्या शहरात उतरायचं. बोलावं कोणाशी, लढावं कोणाशी, खोटं कधी बोलावं, सगळं आपण ठरवायचं आणि मग ते निस्तरायचंही आपणच. खेळात नकाशा मिळत नसे. तो आपला आपण कागदावर काढायचा. भुयाररावांसाठी हे म्हणजे माशाला पोहायची नोकरी लागल्यासारखं झालं. त्या मालिकेचे तीन भाग आले, आणि तिन्ही भागांतली एक गल्लीही त्यांनी कागदावर आणायची सोडली नाही.

नव्या लग्नात तर ते झोपेतून उठून म्हणायचे, "वैदिणीला वाचवायला हवं होतं मी." वहिनी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. ही वैदीण कोण, राहते कुठे, याची त्यांनी कार्यालयात जाऊन चौकशी केली होती.

तर तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी, सातव्या थरावर, एक दार होतं. त्याला कडी नाही, कुलूप नाही. कुलूपतोड्याने हात टेकले. मग भुयाररावांनी नुसतं वाजवून पाहिलं. आणि आतून एक माणूस म्हणाला, "थांबा, आलो!"

तिथे तिसरा भाग संपला. चौथा येणार होता, तेवढ्यात कंपनी बुडाली.

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही..." मी विचारलं.

"थांबलोय," भुयारराव म्हणाले. त्यात विनोद नव्हता. तो माणूस त्यांना येतो म्हणाला होता आणि भुयाररावांच्या जगात माणसं शब्द देतात ते पाळण्यासाठी. आतून कोण बोललं, हे कळल्याशिवाय आपलं एक काम राहिलं, असं त्यांना खरोखर वाटत असे. एकदा तापात फणफणले होते तेव्हा डॉक्टरांनी दार वाजवलं आणि हे अंथरुणातून उठून बसले.

त्या सातव्या थराच्या तावावर, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, वहिनींच्या हातून चहाचा मोठा मग सांडला. नेमका दारावर. ओघळ कागदाच्या कडेपर्यंत गेला.

"मला वाटलं आता ओरडतील," वहिनी सांगत होत्या. "ओरडले असते तर बरं झालं असतं हो! काही बोलले नाहीत. निळी पेन्सिल काढली आणि डागाच्या कडेकडेने रेघ मारत बसले. तासभर. मी माहेरी फोन केला, म्हटलं, माणूस बरा आहे ना, नीट चौकशी केली होती ना तुम्ही?"

रेघ मारून झाल्यावर त्यांनी डागाखालचा भाग वेगळ्या चिठ्ठीवर काढला होता: दार, दारापुढच्या तीन पायऱ्या, सगळं. वर लिहिलं होतं, पुरवणी सात-अ.

मग एके दिवशी त्यांची लेक घरी आली ती धापा टाकतच. ती लोकांचे आखडलेले खांदे नि गुडघे सरळ करायला शिकत होती. त्या दिवशी हातात फोन घेऊन तिने बापाचेच खांदे गदागदा हलवले. "बाबा, ते म्हातारे परत आलेत!"

म्हातारे म्हणजे तो खेळ ज्यांनी बनवला होता ते चौघे. केस गेलेले, पोटं आलेली, पण उमेद तीच. त्यांनी जाहीर केलं होतं की आम्ही पुन्हा तसाच खेळ करतो. कोणी धनको आम्हाला उभं करत नाही, तेव्हा जुन्या खेळाडूंनीच वर्गणी काढावी.

"वर्गणी?" मी हादरलो. वर्गणी म्हटलं की मी मोरीत लपणारा माणूस. "न झालेल्या खेळासाठी? आधी पैसे, मग वस्तू?"

"आणि वस्तू झालीच नाही तर?" वहिनींचा पाय ब्रेकवर.

"तर नाही," भुयारराव म्हणाले.

लेकीने समजावलं. जुन्या खेळाचं नाव आता कोणा तिसऱ्याच कंपनीच्या मालकीचं. ते वापरता येणार नाही. म्हणून नाव नवं, माणसांची नावं नवी, पण आत्मा तोच. जुन्याचा वारस म्हणायचं.

"आत्मा तोच आणि शरीर दुसरं," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे त्याला वारस नाही म्हणत. बाधा म्हणतात."

पण भुयाररावांच्या तोंडावर जे काही होतं ते पाहून त्या पुढे बोलल्या नाहीत. भुयाररावांनी दाढ बसवून घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे वर्गणीत दिले. मी म्हटलं, "अहो, जेवणार कसे?" तर म्हणाले, "एक वाहिनी बंद असली तर पुरवठा दुसरीकडून करतात." पुढची तीन वर्षं त्यांनी डाव्या बाजूने चावलं.

वर्गणी जमली. थोडीथोडकी नव्हे, अवघ्या आठ दिवसांत मागितल्याच्या दुप्पट. जगात एवढी मोठी माणसं एवढ्या भुयारांच्या आठवणीने कासावीस झाली असतील याची मला कल्पना नव्हती. मी आपला आ वासून बसलो. आणि मग त्या म्हाताऱ्यांचं पत्र आलं, वर्गणीदारांना. आमचे जुने कागद कंपनी बुडाली तेव्हा रद्दीत गेले. तुमच्यापैकी कोणाकडे हाताने काढलेले नकाशे आहेत का? भिंतींवर कोणाची मालकी नसते असं आमचा वकील म्हणतो. जो नकाशा सर्वांत चांगला, त्यावरून आम्ही तो थर नव्याने बांधू.

भुयाररावांनी पलंगाखालून पेटी ओढली. लेकीने सातव्या थराचा ताव ती शिकत होती त्या दवाखान्यातल्या यंत्रावर नेऊन त्याची प्रत काढली.

"आणि ही चिठ्ठी, बाबा? ही पण पाठवते."

"नको."

"अहो, दार चिठ्ठीत आहे!"

"निळी रेघ दिसली की ते पुरवणी मागतील. मागितली की देऊ."

"त्यांना काय माहीत तुमच्या खात्याची रेघ?"

"नकाशे करणारी माणसं आहेत ती," भुयारराव म्हणाले, जणू काही नकाशे करणाऱ्यांचं जगभर एकच तळघर असतं. "मागितल्याशिवाय पुरवणी द्यायची नाही."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अशा वेळी छताकडे पाहणाऱ्या माणसाने पुढे दुसऱ्यांना दोष देऊ नये, म्हणून मी तो देणार नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते लेकीला विचारायचे, "आली का?" मागणी आली नाही. आली ती बातमी: सातव्या थरासाठी तुमचाच नकाशा निवडला आहे, इतका स्वच्छ नकाशा आम्ही पाहिला नव्हता. वहिनींनी त्या दिवशी एका शिकाऊ मुलीला चक्क हमरस्त्यावर नेलं, एवढ्या त्या खूश होत्या. भुयारराव मात्र थोडे कोड्यात पडले. "पुरवणी न मागता कसा निवडला?" मग स्वतःच म्हणाले, "दाराची जागा त्यांच्याकडे असेल. त्यांचंच दार ते."

एका वर्षात येतो म्हटलेला खेळ तीन वर्षांनी आला. मधल्या काळात माफीची पत्रं येत होती आणि भुयारराव ती फाइलला लावत होते. खेळ आल्यावर पहिल्या थरापासून उतरत उतरत सातव्यापर्यंत जायला सहा आठवडे लागले. लवकर जाता आलं असतं, पण सहा थर नीट पाहिल्याशिवाय सातव्यावर जाणं त्यांना लाचखोरीसारखं वाटलं.

मग एका मंगळवारी सकाळी मला फोन आला. "लेखक, या. आज दार."

गेलो तर घरात लग्नघरासारखी गडबड. भुयाररावांनी अकरा वर्षांत पहिली रजा घेतली होती. इस्त्रीचा सदरा. वहिनींनी सकाळचे सगळे शिकाऊ दुपारवर ढकलले होते. लेक नव्या संगणकाशेजारी आणि मी पलंगावर, पेटीच्या बरोबर वर.

पडद्यावर चार माणसं मशाली घेऊन उतरली. भुयाररावांनी समोर नकाशा ठेवला नव्हता. "आता वीस पावलं," ते पुटपुटले, आणि विसाव्या पावलावर चौक आला. "उजवीकडे मोडका जिना." आला. "जिन्याखाली मेलेला पहारेकरी." होता! माझ्या अंगावर काटा आला. या माणसाने चोवीस वर्षांपूर्वी कागदावर मारलेली रेघन् रेघ तिथे दगडात उभी होती. पाणी ठिबकत होतं, मशालीचा उजेड हलत होता. वहिनींनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"हे वळण," भुयारराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "हे घेतलं की दार."

चौघांनी वळण घेतलं.

समोर तळं होतं.

डबकं नव्हे. तळं. अथांग, तांबूस, संथ. वर गुहेच्या छतातून उजेडाचे झोत पडलेले, काठाला एक नाव बांधलेली, दूर कुठेतरी कोणी वाद्य वाजवत होतं. डोळ्यांचं पारणं फिटावं असं दृश्य, आणि आम्ही चौघं तोंडचं पाणी पळालेले. भुयाररावांचा हात तसाच हवेत.

"चुकून दुसरीकडे आलो का?" मी विचारलं. सत्तावीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला मी हे विचारलं. मला क्षमा असो.

तेवढ्यात धाडकन वहिनींचा पाय जमिनीवर आदळला.

"अहो!" त्या किंचाळल्या. "हा माझा चहा आहे!"

"काय?"

"माझा चहा! तो बघा ओघळ. इकडून गेला होता, कागदाच्या कडेपर्यंत. आणि हे इथे बोट लावून मी पुसायला गेले होते, तर यांनी नुसता माझा हात धरून ठेवला. तेच हे! अगदी तेच!"

लेकीने पेटीतून ताव काढून पडद्याशेजारी धरला. निळ्या रेघेचं वळणन् वळण त्या तळ्याच्या काठाला होतं. म्हाताऱ्यांनी निळी रेघ पाहिली होती आणि जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला जे वाटेल तेच त्यांना वाटलं होतं. मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. आत तांबूस डाग होता म्हणून त्यांनी पाणीही तांबूस केलं होतं. भलतीच प्रामाणिक माणसं.

लेक फोनवर शोधायला लागली आणि एकेक वाचून दाखवायला लागली, तसतसे आम्ही आणखी गार पडत गेलो. तळं म्हणजे त्या खेळाचा कळस मानला जात होता. लोक लढाया सोडून तिथे मासे धरत बसत होते. एकाने तळ्याच्या आकारावर चाळीस पानी निबंध लिहिला होता, की हा आकार म्हणजे शहराच्या शेवटच्या राणीचा निजलेला देह आहे. जुन्या खेळातलं दार कुठे गेलं असं काहींनी विचारलं होतं; त्यांना बाकीच्यांनी गप्प केलं होतं. आणि पाणी तांबूस का, यावर तर दोन तट पडून हाणामारी चालली होती. एक म्हणत होते हे सैनिकांचं रक्त, दुसरे म्हणत होते गंजलेल्या तलवारी.

"दूध जास्त झालं होतं," वहिनी म्हणाल्या.

मला हसू फुटलं, आणि भुयाररावांकडे पाहिल्यावर ते घशातच विरलं. ते पांढरेफटक पडले होते. त्यांनी वैदिणीला काठावर आणलं आणि पाण्यात चालवत नेलं. ओठ हलत होते. "चौदा पुढे. तीन उजवीकडे." अकराव्या पावलावर वैदीण बुडाली. मग त्यांनी तलवारवालीला पाठवलं. मग मांत्रिकाला. कुलूपतोड्या सर्वांत पुढे गेला, साडेबारापर्यंत.

"बाबा, पुरे," लेक म्हणाली.

"दार खाली आहे," ते म्हणाले. "तो आत आहे."

"कोण?"

"थांबा म्हणालेला."

एका माणसाने दुसऱ्याच्या घरावर धरणाचं पाणी सोडावं आणि नंतर त्याला कळावं की कागदावर सही आपली होती, तसे भुयारराव बसले होते. वहिनींनी चहा केला नाही. बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तर नवराबायकोची जुंपली होती.

"अहो, पाठवून द्या ना आता ती चिठ्ठी! त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

"अगं, मागितली नाही त्यांनी."

"मग कोणीतरी मागायला हवी, एवढंच ना? मी मागते. द्या."

"असं तोंडी नाही चालत."

मला वाटलं आता वहिनी ती पेटी त्यांच्या डोक्यात घालणार. त्यांनी कागद घेतला, खुर्ची ओढली आणि लिहायला बसल्या. मी खांद्यावरून वाचलं. मी, खाली सही करणारी, सातव्या थराच्या तावावर चहा सांडल्याचं मान्य करते, आणि सदर खराब भागाची पुरवणी सात-अ मला मिळावी अशी विनंती करते. खाली सही. भुयाररावांनी तो अर्ज दोनदा वाचला, त्यावर तारीख घातली, पेटीतून चिठ्ठी काढली आणि बायकोच्या हातात दिली. चोवीस वर्षांत ती चिठ्ठी पहिल्यांदा कोणीतरी मागितली होती. वहिनींनी ती लेकीला दिली आणि लेकीने सगळी हकिगत लिहून म्हाताऱ्यांकडे धाडली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, चौघांतल्या सर्वांत म्हाताऱ्याचं. लेक एकेक वाक्य मराठीत करून सांगत होती. त्याने लिहिलं होतं, की पत्र वाचून आम्ही सगळे आधी सुन्न झालो आणि मग एवढे हसलो की शेजारचे लोक आले. दार नक्की कुठे होतं ते आमच्यापैकी एकालाही आठवत नव्हतं. तुमच्या नकाशात दिसलं नाही तेव्हा वाटलं, आठव्या थरावर असेल. आठवा थर पैसे संपल्यामुळे झालाच नाही. आता तळं काढणं अशक्य आहे, काढलं तर लोक आम्हाला त्यात बुडवतील.

"आणि दारामागे कोण, ते?" भुयारराव म्हणाले.

लेक थांबली. "बाबा, पुढे वाचू?"

"वाच."

"तो म्हणतो, तुम्ही एवढी वर्षं थांबलात म्हणून खरं सांगतो. दारामागे कोण ते आमचं कधीच ठरलं नव्हतं. आवाज आमच्या इमारतीच्या रखवालदाराचा आहे. आम्ही आवाज टिपत होतो, खालून त्याला कोणीतरी हाक मारली, तो 'थांबा, आलो' म्हणाला, ते त्यात आलं. ऐकायला बरं वाटलं म्हणून ठेवलं. कोण ते चौथ्या भागात ठरवू म्हटलं होतं."

वहिनींचा पाय मध्येच अधांतरी राहिला. ब्रेक लावावा असं पुढे काही उरलंच नव्हतं. कोणीच नाही? चोवीस वर्षं? तापात उठून बसणं, ते डाव्या बाजूने चावणं, सगळं एका रखवालदारासाठी? मी भुयाररावांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ दगडासारखी झाली होती.

"अजून आहे," लेक घाईघाईने म्हणाली. "तो म्हणतो, या नव्या खेळाचा दुसरा भाग काढतोय. त्यात तळं उपसायचं आणि खाली दार सापडेल असं करतो. आणि आत कोण, ते तुम्हीच ठरवा."

भुयाररावांनी कानामागची पेन्सिल काढली आणि ते म्हणाले, "उपसायचं म्हणतोय. उपसून होणार नाही ते. उतार कुठे आहे ते बघावं लागेल."

पुढचे चार महिने पलंगाखालची पेटी बंदच झाली नाही. कुठून चर काढायचा, झडप कुठे, पाणी किती दिवसांत उतरेल, उतरताना मासे कुठे न्यायचे. अस्सल पाणीपुरवठ्याचं काम. असा राक्षसी उत्साह मी त्यांच्यात पूर्वी पाहिला नव्हता. जेवताना मध्येच थांबून ते एकटेच हसायचे, डाव्या बाजूने. आत कोण हेही त्यांनी ठरवलं होतं. मी खोदून खोदून विचारलं, वहिनींनी विचारलं, लेकीने तर खांदा दाबून धरला. ते म्हणाले, "कच्चं काम दाखवत नसतो मी." नकाशाचे नऊ ताव त्यांनी या वेळी चिठ्ठ्यांसकट पाठवले.

दुसऱ्या भागाची वर्गणी ठरलेल्या मुदतीत शेकडा एकतीस जमली. नियमाप्रमाणे ती ज्याची त्याला परत मिळाली आणि काम रद्द झालं, म्हणून तळं तसंच राहिलं आणि आत कोण ते आजही एकट्या भुयाररावांना माहीत.